मुंज्याला 'नाही' का कळत नाही? भयपटांतल्या मुली, स्त्रीद्वेष आणि प्रेक्षकांचा राग

कोकणातलं एक गाव. साल १९५२. मिसरूडही न फुटलेला गोट्या त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीच्या प्रेमात पडतो. तिचं लग्न दुसरीकडे ठरतं. गोट्याला ते मान्य नाही. तिला मिळवण्यासाठी तो अघोरी विद्येकडे वळतो, सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. मुंज होऊन दहा दिवसही झालेले नसतात, म्हणून त्याचा 'मुंज्या' होतो. पुढची सत्तर वर्षं त्याचा एकच हट्ट असतो. लगीन!

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा ७ जून २०२४ ला आला. मोठा स्टार नसताना त्याने देशात १०० कोटींच्या पुढे कमाई केली. थिएटरात पोरं-पोरी हसली, दचकली, नंतर रील्सही बनले. पण गंमत बाजूला ठेवून बघितलं तर ही गोष्ट आहे एका किशोरवयीन मुलाची, ज्याला मुलीचा नकार कळत नाही आणि मेल्यावरही कळत नाही.

हीच गोष्ट कुणी 'स्त्रीवादी भयपट' असं लेबल लावून आणली असती तर? जगभरात असे सिनेमे आले, तेव्हा प्रेक्षकांचा एक मोठा गट भयंकर चिडला. हा राग नेमका कशाचा असतो आणि आपल्याकडच्या भयपटांना तो फारसा का भोगावा लागला नाही, तेच या लेखात समजून घेऊ. (पुढे काही सिनेमांची कथानकं उघड केली आहेत.)

आधी तीन शब्द

टीन हॉरर: शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींची गोष्ट सांगणारे आणि मुख्यतः त्याच वयाच्या प्रेक्षकांसाठी काढलेले भयपट. वसतिगृह, पार्टी, जंगलातला कॅम्प आणि मागे लागलेला मारेकरी, हा त्यांचा ठरलेला मसाला.

मिसॉजिनी: मराठीत स्त्रीद्वेष. 'मला बायका आवडत नाहीत' इतकाच त्याचा अर्थ नाही. बाईने ठरलेल्या चौकटीत राहावं आणि चौकट मोडली तर तिला शिक्षा व्हावी, ही वृत्तीही त्यातच येते.

बॅकलॅश: उलटून आलेला राग. सिनेमात बायकांची बाजू जरा ठळकपणे आली की रेटिंग पाडणं, ट्रेलरला डिसलाइक मारणं, अभिनेत्रीला शिव्या देणं, बहिष्काराची हाक देणं, असे त्याचे प्रकार.

आपल्या भुतांचं लग्न झालंय का?

भयपटांचा विषय निघाला की आपण थेट हॉलिवूडकडे बघतो. पण बाई आणि भीती यांचं नातं आपल्या लोककथांमध्ये फार जुनं आहे.

मराठी भुतांची यादी काढून बघा. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ किंवा अळवंत होते. नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण जखीण होते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. म्हणजे माणूस मेल्यावर कोणतं भूत होणार, हे त्याचं लग्न, मूल आणि जात यांवर ठरतं. मुलाचे विधी अर्धवट राहिले तर भूत, आणि बाईचं बाळंतपण अर्धवट राहिलं तरी भूत. एकट्या रात्री बाहेर पडणाऱ्या पुरुषाला हडळ धरते, ही गोष्ट आजीने सांगितली नाही असं घर सापडणं कठीण.

या कल्पना फक्त गोष्टींपुरत्या राहत नाहीत. 'ही चेटकीण आहे', 'हिने करणी केली' म्हणून खऱ्याखुऱ्या बायकांना मारहाण झाली, धिंड काढली गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर राज्य सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. करणीच्या नावाखाली मारहाण करणं, विवस्त्र करून धिंड काढणं हे या कायद्यानुसार गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि दंड.

त्यामुळे 'भूत बाईच का?' हा प्रश्न टाइमपास म्हणून विचारलेला नाही.

'फायनल गर्ल' म्हणजे काय?

१९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत 'स्लॅशर' सिनेमांची लाट आली. मुखवटा घातलेला मारेकरी, हातात सुरा आणि एकामागून एक मरणारी तरुण मंडळी. १९७८ चा 'हॅलोवीन' हा त्यातला सगळ्यात गाजलेला.

या सिनेमांचा एक अलिखित नियम होता. दारू पिणारी, प्रियकरासोबत रात्र घालवणारी मुलगी लवकर मरणार. अभ्यासू, सावध, 'चांगल्या घरची' मुलगी शेवटपर्यंत जगणार आणि मारेकऱ्याशी लढणार. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मधल्या एका निबंधात या शेवटच्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं. १९९२ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं.

क्लोव्हर यांचं निरीक्षण मजेशीर होतं. हे सिनेमे बघणारे बहुतेक तरुण मुलगे असतात. सुरुवातीला ते मारेकऱ्याच्या नजरेने बघतात, पण शेवटाकडे जाताना त्यांना त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवावं लागतं. म्हणजे एकाच सिनेमात मुलींना शिक्षाही आहे आणि मुलीच्या बाजूने उभं राहणंही आहे. म्हणूनच भयपट स्त्रीद्वेष्टे की स्त्रीवादी, हा वाद चाळीस वर्षं मिटलेला नाही.

१९९६ च्या 'स्क्रीम'ने हा नियम उघडपणे मोडला. त्यातली पात्रंच 'सेक्स केला की मरणार' हा नियम बोलून दाखवतात. नायिका सिडनी तो मोडते आणि तरीही जगते.

'जेनिफर्स बॉडी': सिनेमा मुलींचा, पोस्टर मुलांसाठी

सप्टेंबर २००९ मध्ये 'जेनिफर्स बॉडी' आला. लेखिका डायब्लो कोडी यांना त्याआधीच 'जुनो'साठी ऑस्कर मिळालं होतं. दिग्दर्शन कॅरिन कुसामा यांचं. मुख्य भूमिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स'मुळे जगभर पोहोचलेली मेगन फॉक्स.

गोष्ट अशी: एका छोट्या गावातली जेनिफर ही शाळेतली सगळ्यात लोकप्रिय मुलगी. प्रसिद्धीसाठी हपापलेला एक रॉक बँड सैतानाला खूश करायला तिचा बळी देतो. बळी कुमारिकेचा हवा असतो, जेनिफर कुमारिका नसते. त्यामुळे विधी फसतो आणि ती राक्षसी होऊन परत येते. मग ती मुलांना खाऊ लागते. तिला अडवते तिची बालपणीची मैत्रीण नीडी.

मूळ गोष्ट होती दोन मैत्रिणींची आणि मुलीच्या शरीराचा वापर करून मोठे होणाऱ्या पुरुषांची. जाहिरात मात्र 'मेगन फॉक्सला बघायला या' अशी केली गेली. प्रचाराचा रोख तरुण मुलांवर होता. याबद्दलची नाराजी कुसामा आणि कोडी यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

मग व्हायचं तेच झालं. मादक काहीतरी बघायला आलेली मुलं निराश झाली. ज्या मुलींसाठी सिनेमा होता, त्या पोस्टर बघून आल्याच नाहीत. समीक्षकांनी झोडपलं. सुमारे १.६ कोटी डॉलरच्या सिनेमाने जगभरात साधारण ३.१ कोटी डॉलर कमावले आणि तो फ्लॉप ठरला. सगळ्यात जास्त टिंगल मेगन फॉक्सची झाली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये 'मी टू' चळवळ पसरली आणि लोकांनी हा सिनेमा नव्याने बघितला. आधी जे विनोदी वाटलं होतं ते आता वेगळं दिसू लागलं. एका मुलीला गाडीत घालून नेणारे पुरुष, त्यांचं हसणं, तिचं घाबरणं आणि नंतर त्याच बँडला मिळणारी सहानुभूती. आज या सिनेमाला कल्टचा दर्जा आहे. सिनेमा तोच होता, मधल्या आठ-नऊ वर्षांत बघणारे बदलले.

'ब्लॅक ख्रिसमस': राग खरा की खोटा?

दुसरं उदाहरण जरा गुंतागुंतीचं आहे. १३ डिसेंबर २०१९ ला 'ब्लॅक ख्रिसमस' आला. दिग्दर्शिका सोफिया टकाल. कॉलेजच्या मुलींना मारणारे यात एकटदुकट वेडे नसतात. 'बायकांना त्यांची जागा दाखवा' असं मानणाऱ्या मुलांची ती एक संघटनाच असते. नायिका रायली हिच्यावर त्यातल्याच एकाने आधी लैंगिक अत्याचार केलेला असतो आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवलेला नसतो.

कमी वयाच्या मुलींनाही बघता यावा म्हणून सिनेमात रक्तपात कमी ठेवला होता. त्यावरून बोंब झाली. 'हा भयपट नाही, भाषण आहे' असं म्हटलं गेलं. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचं मत घेणाऱ्या सिनेमास्कोरने त्याला 'डी प्लस' दिला.

आता हा सगळा राग स्त्रीद्वेषाचा होता का? नाही. संवाद उपदेशासारखे वाटतात, भीती कमी वाटते, ट्रेलरमध्येच अर्धी गोष्ट कळली, या तक्रारी रास्त होत्या. स्त्रीवादी समीक्षकांनीही त्या केल्या. पण याच नावाचा १९७४ चा मूळ सिनेमा आज क्लासिक मानला जातो आणि त्यातली नायिका जेस गर्भपाताचा निर्णय घेते, प्रियकर विरोध करतो तरी ठाम राहते. 'जुना चांगला होता, त्यात बायकांचं राजकारण नव्हतं' म्हणणाऱ्यांना हे आठवत नसावं. जुन्या सिनेमात मुद्दा गोष्टीत मुरलेला होता, नव्यात तो वर तरंगत होता, एवढं म्हणणं योग्य ठरेल.

राग ओळखायचा कसा?

सरसकट सगळ्या टीकेला 'स्त्रीद्वेष' म्हणणं चूक, आणि सगळ्या स्त्रीद्वेषाला 'टीका' म्हणणंही चूक. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

१. सिनेमा बघून केलेली टीका. पटकथा, भीती, अभिनय यांबद्दल. ही हवीच.

२. सिनेमा यायच्या आधीचा राग. २०१६ मध्ये 'घोस्टबस्टर्स' चार बायकांना घेऊन पुन्हा बनला, तेव्हा सिनेमा लागायच्या कितीतरी आधी ट्रेलरवर डिसलाइकचा पाऊस पडला. अभिनेत्री लेस्ली जोन्स यांना तर इतक्या वर्णद्वेषी आणि घाणेरड्या शिव्या आल्या की त्यांनी काही काळ ट्विटर सोडलं. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल'च्या वेळी हाच प्रकार झाला. त्याच सुमारास 'रॉटन टोमॅटोज'ने प्रदर्शनाआधी प्रेक्षकांच्या कॉमेंट घेणं बंद केलं.

३. विषय टाळून भलतीकडेच वळवलेला राग. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर 'बुलबुल' आला. अन्विता दत्त यांच्या या सिनेमात बालविवाह आहे, घरातला अत्याचार आहे आणि त्यातून जन्मलेली उलट्या पायांची 'चुडैल' आहे. सोशल मीडियावर बहिष्काराची हाक दिली गेली ती मात्र त्यातल्या राधेवरच्या एका गाण्यावरून. लहान मुलीचं मोठ्या पुरुषाशी लग्न लावलं, यावर तेवढा आवाज झाला नाही.

मग मराठी मातीतले भयपट सुटले कसे?

१४ जुलै २०१७ ला विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' आला. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्यासोबत उसाच्या शेतातल्या एका घरात येऊन राहते. तिथली तुळसाबाई (उषा नाईक) तिची काळजी घेते. उसातून मुलांचे आवाज येतात, लपाछपीचा खेळ सुरू होतो. हळूहळू कळतं की इथे भुतांपेक्षा भयानक आहेत ती माणसं, ज्यांना मुली नको असतात.

हे भय कुठून आलं ते सांगायला आकडे पुरेसे आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १,००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये हा आकडा ९१३ होता. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये तो ८०७ इतका खाली गेला होता.

'लपाछपी'चं कौतुक झालं. २०२१ मध्ये फुरियांनीच त्याचा 'छोरी' हा हिंदी अवतार केला आणि २०२५ मध्ये दुसरा भागही आला. या सिनेमांवर तुटून पडणारी लाट आली नाही. कारण कदाचित हे की यातली बाई आई आहे. ती सोसते आणि पोटातल्या जीवासाठी लढते. अशा बाईच्या बाजूने उभं राहायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जेनिफर मात्र तरुण, बिनधास्त, स्वार्थी आणि चिडलेली होती. तिच्यावरही अन्यायच झाला होता, पण ती 'चांगली' नव्हती.

दुसरी वाट विनोदाची. २०१८ च्या 'स्त्री'ने उलटी दुनिया दाखवली. भुताच्या भीतीने पुरुष अंधार पडायच्या आत घरी येतात, साड्या नेसतात आणि बायका निर्धास्त फिरतात. हसत हसत मुद्दा गळी उतरला. १५ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या 'स्त्री २' मध्ये तर नव्या विचारांच्या बायकांना पळवणारा 'सरकटा'च खलनायक होता. पण याच सिनेमाची जाहिरात तमन्ना भाटियाच्या नाचगाण्यावर जोरात झाली. मुद्दा बायकांचा आणि तिकीट खपवायला पुन्हा बाईचं शरीर. 'जेनिफर्स बॉडी'च्या पोस्टरची आठवण यावी असाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे ते चाललं.

'मुंज्या'तही ही कसरत आहे. मुंज्याची हाव वाईट, हे सिनेमा स्पष्ट सांगतो. पण बिट्टूचंही बेलावर न बोललेलं प्रेम आहे. त्यामुळे बराच वेळ भांडण चालतं ते 'बेला कुणाची' यावर. बेलाला स्वतःला काय हवंय, हा प्रश्न मागच्या बाकावर बसतो.

हसणं थांबतं ती जागा

मी हे बुटीबोरीत बसून लिहितेय. हिंगणघाटहून नागपूरला जाणारा महामार्ग इथूनच पुढे जातो.

३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी हिंगणघाटमध्ये कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आलं. तिला उपचारासाठी नागपूरला आणलं. १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली.

त्या आठवड्यातल्या बातम्या आठवा. 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द जवळपास प्रत्येक मथळ्यात होते. आम्ही पत्रकार हे शब्द सवयीने लिहितो. पण तिने नाही म्हटलं होतं. नकारानंतरही पाठलाग, धमकी आणि हल्ला करणाऱ्याच्या मनात जे होतं त्याला 'प्रेम' हा शब्द आपण का देतो?

गोट्याचा मुंज्या होतो तो नेमका इथेच. त्याला मुन्नी आवडली, यात काही वाईट नाही. त्या वयात कुणीही कुणाच्याही प्रेमात पडतं. तिचा नकार हा आपल्यावरचा अन्याय आहे असं त्याला वाटलं, तिथे भूत जन्माला आलं. सिनेमाने त्याला हिरवट, केसाळ, दात विचकणारा प्राणी बनवलं म्हणून आपण हसू शकलो. तोच मुलगा साध्या शर्ट-पॅन्टमध्ये, बाईकवर, कॉलेजच्या गेटवर उभा दाखवला असता, तर थिएटरातल्या कित्येक मुलींनी त्याला ओळखलं असतं. आणि कदाचित कित्येक मुलांना राग आला असता.

स्त्रीवादी भयपटांवरच्या रागाचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. भूत बाहेरचं असेपर्यंत सगळे एकत्र घाबरतात. पडद्यावरचं भूत आपल्यासारखं दिसू लागलं की प्रेक्षकांचे दोन गट पडतात. काहींना वाटतं, 'अखेर कुणीतरी दाखवलं.' काहींना वाटतं, 'आमच्यावर आरोप केला.'

कॉमेंट टाकण्याआधी

पुढचा भयपट बघून रेटिंग देताना किंवा पोस्ट शेअर करताना चार प्रश्न विचारून बघा.

- मी सिनेमा बघितलाय, की फक्त ट्रेलर आणि त्यावरच्या पोस्ट?
- माझी तक्रार सिनेमा कसा बनवला याबद्दल आहे, की तो कुणाबद्दल आहे याबद्दल?
- पुरुष पात्राने हेच केलं असतं तर मला तेवढंच खटकलं असतं का?
- राग दिग्दर्शकाच्या कामावर आहे, तर मी अभिनेत्रीच्या दिसण्यावर का लिहितोय?

उत्तरं मिळाल्यावरही सिनेमा वाईट वाटला तर बिनधास्त तसं लिहा. वाईट सिनेमाला वाईट म्हणण्यात गैर काही नाही, मग तो कितीही चांगल्या हेतूने काढलेला असो.

फक्त पुढच्या वेळी ग्रुपमध्ये कुणी मुंज्याचं मीम टाकलं, 'लगीन' म्हणून सगळे हसले, तर त्यातली एखादी मैत्रीण का गप्प बसली, हेही एकदा तिला विचारून बघा.